टाकी खाली

देवासच्या कारखान्याच्या वसाहतीमागे एक मोकळं मैदान होतं. डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी सकाळी चारुलताने तिथे चुन्याची शेवटची रेघ ओढली, हात पदराला पुसले आणि मागे सरून पाहिलं. पन्नास पावलं लांब, सहा पावलं रुंद अशी एक पाणबुडी धुळीत आडवी पडली होती.

तिची आठ महिन्यांची विदू बाभळीच्या फांदीला बांधलेल्या झोळीत झोपली होती. नवरा, उमाशंकर, हातात कागद घेऊन रेघांवरून फिरत होता. "इथे भोक. इथे वाकायचं. इथे डावीकडे," असं स्वतःशीच पुटपुटत होता.

शेजारच्या जमुनाबाई दळणाचा डबा घेऊन चालल्या होत्या, त्या थबकल्या. "कईं भियाजी, कबड्डी को मैदान बणई रिया हो कईं?"

"हाँ भाभी, एक खिलाड़ी कम है. आओगी?"

"म्हारा गोड़ा तो देखो पेला!" गुडघ्यावर हात मारत त्या पुढे गेल्या.

चारुलताला हसू आलं. आणि हसू आलं म्हणून लगेच कसंसंच झालं. कारण त्या रेघांच्या आत, डाव्या हाताला, उमाशंकरने जिथे विटेचा तुकडा ठेवला होता, तिथे तिचा भाऊ, उदाजी, होता.

उदाजीराव धारचा, उमाशंकर खातेगांवचा. नौदलात भरती होईपर्यंत दोघांनीही समुद्र पाहिला नव्हता. एक पोहायला शिकला तो मुंजसागर तलावात आणि दुसरा काकाच्या शेतातल्या विहिरीत. पण माळव्यातली मराठी पोरं म्हणून एकमेकांना धरून राहिले, दोघंही पाणबुडे झाले, आणि मुदत संपल्यावर दोघंही एकाच ठेकेदाराकडे लागले. बुडालेल्या जहाजांचं पितळ-तांबं वर काढायचं हा त्याचा धंदा. मलबारच्या किनाऱ्यापासून नऊ मैलांवर, एकशेवीस फूट पाण्यात, मागच्या महायुद्धातली कुठल्याशा परक्या देशाची एक पाणबुडी वाळूवर पडून होती. सत्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत दोघं तिच्यावर उतरले. उमाशंकर एकटा वर आला.

लग्नानंतर पहिल्या वर्षी त्याने चारुलताला ते सगळं एकदाच सांगितलं होतं, एका बैठकीत, भिंतीकडे तोंड करून. उदाजी भोकातून आत गेला होता आणि हा बाहेर दोर धरून होता. आतला एक गंजका पाइप उदाजीच्या अंगावर आला. दोराला चार हिसके बसले; चार म्हणजे संकट. दोर ओढला तर त्याला बांधलेली लिहायची पाटी बाहेर आली. टाकी संपली, असं त्यावर होतं. संकटासाठी हवेची एक जादा टाकी उतरायच्या दोराला बांधून ठेवलेली असायची. याने वळून पाहिलं, तर ती जागेवर नव्हती. तेव्हा हा नवी टाकी आणायला वर गेला. जाऊन यायला नऊ मिनिटं लागली. तेवढ्यात आतला पत्रा ढासळला होता आणि वाटच बंद झाली होती. जादाची टाकी दुसऱ्या दिवशी सापडली: पाणबुडीच्या पोटाशी, वाळूवर, भरलेली. गाठ सुटून पडली असणार, असं सगळे म्हणाले.

"पण त्याची टाकी अकरा मिनिटांत संपली कशी?" तो भिंतीला म्हणाला होता. "सकाळी मीच भरली होती. काटा मीच बघितला होता. का नव्हता बघितला? मला आठवतच नाही, चारू."

त्यानंतर तो पाण्यात उतरला नाही. देवासला आला, कारखान्याच्या आग विझवायच्या विभागात लागला. भिंतीभिंतींवर टांगलेली लाल नळकांडी भरलेली आहेत की नाहीत हे पाहणं, हेच त्याचं काम. घरीही तीच सवय. स्टोव्ह हलवून बघायचा, पाण्याचे माठ वाकून बघायचा, विदूची दुधाची बाटली उजेडाकडे धरून बघायचा.

आणि आता सात वर्षांनी ठेकेदाराचं पत्र आलं होतं. मार्चमध्ये पाणबुडी सुरुंग लावून फोडायची आणि तुकडे वर काढायचे असं ठरलंय. बाजूने नवीन भोक पाडलंय, त्या खोलीपर्यंत आता जाता येतं. फोडण्याआधी एक दिवस नाव आणि माणूस देतो. तुमच्या मित्राचं काही न्यायचं असेल तर या. एकच दिवस.

पत्र घेऊन उमाशंकर आधी धारला गेला होता, सासूकडे. भवानीबाईंनी सात वर्षांत मुलाचं काहीही केलं नव्हतं. ना दहावं, ना श्राद्ध. देह नसला तर पालाशविधी करतात, पळसाच्या देठांचा माणूस करून त्याला अग्नी देतात, असं गुरुजींनी दोनदा सुचवलं. दोनदाही त्या उठून आत गेल्या. पत्र ऐकून त्यांनी जावयाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "आणा हाडं, जावईबापू. जा तुम्ही खाली. मी वाट बघते."

म्हणून हा चुना, हा दोर आणि ही वही.

वहीत बेत लिहायचं काम चारुलताकडे होतं, कारण तिचं अक्षर चांगलं आणि मराठी वाचताना-लिहिताना उमाशंकरचा जीव अर्धा होई. त्याची सगळी शाळा हिंदी. तो सांगे, ती लिही. खाली जायला दोन मिनिटं. भोकापर्यंत एक. आत जायला पाच. काम आठ. बाहेर यायला दोन. दोरापर्यंत एक. वर यायला दोन. एकूण एकवीस. टाक्यांची जोडी तेवढ्या खोल पाण्यात बावीस मिनिटं पुरते.

"आत जायला पाच आणि बाहेर यायला दोन?" तिने विचारलं होतं.

"येताना वाट माहीत असते ना. फटाफट येतं माणूस."

तिने लिहून घेतलं. पण दर रविवारी उमाशंकर डोळ्यांवर काळं फडकं बांधून (आत गाळ उडाला की आंधळ्यासारखंच असतं, तो म्हणे) त्या रेघांतून रांगत विटेपर्यंत जाई, पाठीवर वाळूची पिशवी घेऊन परत येई, आणि ती दोराचं दुसरं टोक धरून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राही. जाताना पाच मिनिटं लागत. येताना सहा. एकदाही दोन नाहीत. ती घड्याळ दाखवी आणि तो म्हणे, "पाण्यात वजन हलकं होतं, चारू." मग फडकं झटकून खिशात घाली. त्या झटकण्यात काहीतरी होतं, जे तिला नको वाटे. आत जाण्याचं सगळं त्याला तोंडपाठ होतं. बाहेर येण्याबद्दल तो कधी बोलत नसे.

तिसऱ्या रविवारी पाटीचा सराव होता.

"मी आत संकटात आहे असं धर," तो म्हणाला. "तू बाहेरचा माणूस. चार हिसके बसले की दोर ओढ, पाटी येईल, ती वाच आणि जे लिहिलंय ते कर. बोलायचं नाही. पाण्यात कोण बोलतं?"

जादाची टाकी म्हणून डालड्याचा डबा बाभळीला टांगला होता. विदू जागी होऊन झोळीतून पाय बाहेर काढून बसली होती. उमाशंकर रांगत आत गेला. तीन मिनिटं झाली, चार झाली. मग एक, दोन, तीन, चार. चारुलताने दोर ओढला. धुळीतून फरफटत पाटी आली. त्यावर आडव्यातिडव्या अक्षरांत दोन शब्द होते: टाकी खाली.

तिने खाली पाहिलं.

पायांशी काही नव्हतं. तिने वाकून बाभळीच्या बुंध्याशी बघितलं, चुन्याची बादली सरकवून बघितलं. यांनी लपवून ठेवली असेल, मी शोधते का ते पाहायला, असं वाटून तिने एक दगडही उचलला.

उमाशंकरने फडकं वर केलं. "काय शोधतेस?"

"टाकी. खाली आहे म्हणून लिहिलंत ना?"

"अगं, खाली मतलब खतम! संपली. तू वर जायचं, नवीन आणायची. इथे मी मरतोय आणि तू दगड उचलतेस!" तो हसला, मग हसता हसता गंभीर झाला. "हेच लिहिलं होतं त्याने. हेच दोन शब्द. म्हणून मीही तेच लिहिले."

"तुम्ही तर सांगितलं होतंत, टाकी संपली असं लिहिलं होतं."

"तेच ना. खाली म्हणजे तेच."

चारुलताच्या हातात अजून तो दगड होता. तिने तो हळूच ठेवला. विदू रडायला लागली होती, तिला उचलून घेतलं, आणि उन्हात डोळे दुखतात असं सांगून ती घरी आली.

धारच्या घरात रिकाम्याला कुणी खाली म्हणत नसे. म्हणायची सोयच नव्हती. तात्यासाहेब, तिचे वडील, संस्थानच्या कचेरीतले जुने कारभारी. बाहेर काय बोलायचं ते बोला, पण पाटावर बसल्यावर मराठी, असा त्यांचा दंडक. लहानपणी एकदा उदाजी म्हणाला, "आई, माझा ग्लास खाली आहे." तात्यासाहेब वाकून पाटाखाली बघू लागले. "कुठाय? दिसत नाही बुवा." सगळं घर हसलं आणि पोरगं कानापर्यंत लाल झालं. तेव्हापासून उदाजीचा पेला रिकामाच व्हायचा, आणि खाली म्हणजे खाली.

तो मरतानाही तात्यासाहेबांच्याच पाटावर बसलेला होता.

मोरीत विदूचे कपडे चोळता चोळता चारुलताला सगळं दिसत गेलं. प्रवाहात टाकी दोरावर आपटत असेल, म्हणून आत जाताना, यांचं लक्ष नसताना, दादानेच ती सोडून पाणबुडीच्या पोटाशी वाळूवर नीट ठेवली असेल. गाठ सुटली नव्हती. अंगावर पाइप आला तेव्हा त्याची हवा संपली नव्हती. सुटायला वेळ लागेल हे त्याला कळलं होतं, म्हणून त्याने आधीच लिहिलं की टाकी खाली आहे, ती दे. दोन हातांवर होती. आणि बाहेर दोर धरून होता तो खातेगांवच्या हिंदी शाळेतला माणूस. त्याने वाचलं आणि तो वर गेला.

म्हणजे टाकी यांनी भरलीच होती. सात वर्षं हा माणूस माठांत डोकावतोय ते उगाच. आणि म्हणजेच दादा वाचला असता, हेही खरं. एक ओझं उतरवायचं तर दुसरं, त्याहून जड, त्याच खांद्यावर ठेवायचं. साबणाचा फेस मोरीत विरत गेला. तिने तेच झबलं तीनदा पिळलं.

ती वहीशी बसली तेव्हा आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. तिच्या सुरेख अक्षरात "खाली" शब्द बेतात सहा ठिकाणी होता. नावेवर जो माणूस मिळेल तो कुठला असेल, काय वाचेल, कुणी सांगावं. तिने सहाही खोडले. कुठे "रिकामी" लिहिलं, कुठे "तळाशी". उमाशंकरने विचारलं, "हे कशाला?" ती म्हणाली, "असंच. स्पष्ट दिसतं." आणि अर्धंच बोलल्याची चोरटी जाणीव घेऊन दोन दिवस पोळ्या लाटत राहिली.

संक्रांतीचं निमित्त करून ती विदूला घेऊन धारला गेली. इंदूरला बस बदलताना विदूने तिळाचा लाडू कंडक्टरच्या खिशाला पुसला. "कईं नी, बाई, म्हारो भी त्योहार हुई ग्यो," तो म्हणाला. ती कसंनुसं हसली.

भवानीबाई तिळगूळ देऊन झाल्यावर नातीला मांडीवर घेऊन बसल्या. चारुलता म्हणाली, "आई, दादाची पाटी दे ना. मी कधी बघितलीच नाही."

विदूला कडेवर घेऊन त्या उठल्या. पेटीतून त्यांनी तात्यासाहेबांच्या उपरण्यात गुंडाळलेली, उमाशंकरने तेव्हाच आणून दिलेली पाटी काढली. पांढरी, कडा पिवळट पडलेली. शिसपेन्सिलीची अक्षरं फिकट, पण ओळखू येणारी. उदाजीचा तो ट, पोट सुटलेला.

"काय लिहिलंय, तू वाच," चारुलता म्हणाली.

"मला काय येत नाही वाचता? टाकी खाली आहे म्हणतोय. दे म्हणतोय."

"तुला पहिल्यापासून असंच वाटलं?"

"वाटायचं काय त्यात? लिहिलंय." भवानीबाई विदूच्या केसांतून बोटं फिरवत राहिल्या. मग नेहमीच्याच आवाजात, जणू भाजीचं बोलावं तसं, बोलल्या. "जावईबापूंनी ते वाचलं आणि ते वर गेले. भ्याले असतील. काळोख, पाणी. भितो माणूस, चारू. माझा मुलगा भ्याला नसता, पण म्हणून सगळ्यांनी कसं न भ्यावं? दर वर्षी दारात येऊन उभे राहायचे, मान खाली घालून. मी म्हटलं, एवढं ज्याला टोचतंय तो वाईट नाही. म्हणून तुला त्यांच्या घरी दिली. विचारलं मात्र कधी नाही. विचारलं असतं तर पुन्हा दारात आले नसते."

चारुलताला वाटलं, आपल्या अंगातली सगळी हाडं कुणीतरी एकेक करून काढून ठेवतंय.

"आणि आता जा म्हणालीस, ते?"

"बघायचं होतं," भवानीबाई म्हणाल्या. "या वेळी जातात का ते."

"आई, त्यांनी ते तसं वाचलंच नाही." आणि तिने सांगितलं. खातेगांवची शाळा, डालड्याचा डबा, उचललेला दगड, सगळं. सांगताना मधेच रडली, मधेच नाक पुसून पुढे सांगू लागली. भवानीबाईंनी तिला मधे तोडलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी पाटी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांनी ती वाचता येते का हे बघत असल्यासारखं.

"खाली," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा, निराळ्या सुरात, बाजारातल्या पोराने म्हणावं तसं, "खाली." आणि मग पदर तोंडाला लावला. "अगं, मी सात वर्षं त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं!"

देवासला परतल्यावर चारुलताने आणखी वाट पाहिली नाही. पहिल्या पाळीहून तो आला, हातपाय धुतले, आणि ती म्हणाली, "बसा. तुमच्याशी बोलायचंय. आणि भिंतीकडे बघायचं नाही, माझ्याकडे बघायचं."

तिने सगळं सांगितलं. तो ऐकत गेला. सुरुवातीला त्याचा चेहरा असा उजळला की तिला पुढचं सांगवेना. "मतलब... टाकी भरलेली होती? मी भरली होती?"

"भरलेली होती."

"मी भरली होती," तो म्हणाला. मग हळूहळू दुसरं त्याच्यापर्यंत पोचलं. तिला ते येताना दिसलं, जसं उतारावरून येणारं माणूस दिसतं, आणि थांबवता आलं नाही. "खाली होती," तो म्हणाला. "माझ्या पायाखाली. मी तिच्यावरून वर गेलो."

विदू त्याच्या गुडघ्याला धरून उभी राहायचा प्रयत्न करत होती. त्याचा हात आपोआप तिच्या पाठीमागे गेला.

"आणि आईंना वाटत होतं मी पळालो. त्यांनी सात वर्षं मला जेवायला वाढलं, हे समजून?"

"हो."

"पुरणपोळीवर तूप वाढलं."

"हो."

तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला. "मग तर मला जायलाच पाहिजे. आता तर जायलाच पाहिजे, चारू. त्याने दोन शब्द लिहिले, तेही मला..."

"जा," ती म्हणाली. आपला आवाज इतका शांत कसा, याचं तिलाच नवल वाटलं. "मी अडवत नाही. तो माझाच भाऊ आहे. पण आधी हे घ्या." तिने वही त्याच्यापुढे ठेवली, वर शिसपेन्सिल आणि खोडरबर ठेवलं. "बाहेर यायला दोन मिनिटं असं लिहिलंय. तीन रविवार मी घड्याळ बघितलं. तुम्हाला सहा लागतात. ते दोन खोडा, सहा लिहा आणि बेरीज करा. मग जा."

"पाण्यात..."

"पाण्यात पिशवी हलकी होते, हे मला ठाऊक आहे. गाळात वाट लांबते हेही तुम्हीच सांगितलंत. सहा लिहा."

तो वहीकडे बघत राहिला. बाहेर जमुनाबाई कुणालातरी मोठमोठ्याने शेंगा निवडायला बोलावत होत्या. शेवटी त्याने खोडरबर उचललं. दोन खोडला. तिथे कागद जरा फाटला. सहा लिहिला, आणि खालपासून वर बेरीज केली. मग वरून खाली केली.

"पंचवीस," तो म्हणाला.

"आणि टाकी?"

"बावीस." तो थांबला. "काम आठ मिनिटांचं सहात केलं तर... नाही. पाइप सहात हलणार नाही. तिसरी टाकी आत न्यायची तर भोक अठरा इंच. नाही जात." पेन्सिल कागदावर टेकलेली तशीच राहिली. "दोनदा उतरायचं तर दुसरा दिवस पाहिजे. तो देत नाही."

"हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

त्याने पेन्सिल आत ठेवून वही मिटली. तेच उत्तर होतं. तिलाही ते पहिल्या रविवारपासून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि त्याच्या अशा वही मिटण्यातून ते ऐकणं यांत फार अंतर होतं. तिने विदूला उचललं आणि त्याच्या मांडीत ठेवलं. त्याने धरलं नसतं तर पोरगी पडली असती, अशा बेताने ठेवलं. त्याने धरलं.

"नाही बसत, चारू," तो विदूच्या टाळूवर हनुवटी टेकून म्हणाला. "तो आत एकटा राहणार."

"राहणार," ती म्हणाली, आणि मग तिचा शांत आवाज कुठल्या कुठे गेला. दोघं तिथेच जमिनीवर बसून रडले. विदू आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि शेवटी तीही रडली, सोबत म्हणून.

दुसऱ्या रविवारी तो एकटाच धारला गेला. तिथे काय बोलणं झालं हे चारुलताला पूर्ण कधीच कळलं नाही. त्याने एवढंच सांगितलं की आपण पाटी मागून घेतली आणि मोठ्याने वाचली, आईंसारखी; आणि आई म्हणाल्या की हाडं मी मागितली ती चूक माझी, तुम्ही जाऊ नका. तो म्हणाला, मी जाणारच नव्हतो, हिशेब बसत नाही. मग दोघं पोहे खात बसले. आणि उठताना भवानीबाई म्हणाल्या, "गुरुजींना सांगून या. पालाशविधी करू. तुम्ही करा. आणखी कोण आहे त्याला?"

माघ संपत आला होता. मांडूच्या रस्त्याला पळस पेटायला लागले होते आणि पानं झडत होती. तीनशेसाठ देठ हवेत, असं गुरुजींनी सांगितलेलं. उमाशंकर दोन दिवस सायकलवरून हिंडून, खाली पडलेल्या पानांतून नीट निवडून, देठ गोळा करत होता. विधीच्या दिवशी परसात दर्भ अंथरला. मस्तकाच्या जागी नारळ ठेवला. गुरुजी सांगत गेले, तसा तो मांडत गेला. डोक्याला चाळीस. मानेला दहा. छातीला, पोटाला, हातांना, पायांना. सुतळीने बांधताना त्याची बोटं पाण्यातल्या माणसासारखी चालत होती, सावकाश, पक्की. देठांचा एक माणूस हळूहळू परसात आडवा झाला. भवानीबाई खांबाला टेकून बघत होत्या. सात वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यासमोर काहीतरी होतं ज्याच्याकडे बघता येत होतं.

उजव्या पायाशी देठ संपले. गुरुजींनी मोजले. मग उमाशंकरने मोजले. एक कमी होता.

"दर्भाची काडी घालू," गुरुजी म्हणाले. "चालतं."

"आणतो मी," उमाशंकर म्हणाला आणि उठला.

"अहो, गावाबाहेर जावं लागेल. दोन मैल. एका देठासाठी?"

पण तो ओल्या धोतराने सायकलवर बसलासुद्धा होता. गुरुजींनी उन्हाकडे पाहिलं, सावलीकडे पाहिलं आणि घसा साफ केला. "भवानीबाई, वेळ चाललीय. आपण पुढचं सुरू करू या का? ते येतीलच तोवर."

"नाही," भवानीबाई म्हणाल्या. "तो येईल. आल्यावर करायचं."

गुरुजी पळीने तांब्यातलं पाणी उगाच हलवत बसले. चारुलता विदूला कडेवर घेऊन पुढच्या दारात आली आणि उंबऱ्याशी उभी राहिली. रस्ता वळणापर्यंत दिसत होता; त्यापलीकडे दिसत नव्हता. एक बैलगाडी गेली. शाळेतल्या दोन मुली गेल्या. बराच वेळ काहीच गेलं नाही. तिने मनगटावर पाहिलं नाही, मुद्दामच.

मग वळणावर सायकल आली. एका हाताने चालवत होता. दुसऱ्या हातात देठ नव्हता, पळसाची एक अख्खी फांदी होती, पानांसकट, फुलांसकट, उन्हात लालभडक, आणि ती सांभाळता सांभाळता सायकल रस्ताभर वाकडीतिकडी होत होती.

चारुलता आत वळली.

"गुरुजी," ती म्हणाली, "आले ते."